शेवटची चानकी

मी एक जुना लोखंडी तवा आहे. निमगाव सावा गावात एका शेतकऱ्याच्या घरामागे कोंबड्यांच्या खुराड्यावर मला झाकण म्हणून टाकलं आहे. माझी एक कडी तुटली आहे, पाठीला गंज चढला आहे, आणि कोंबड्या माझा काडीचाही मान ठेवत नाहीत. मित्रांनो, स्वभावाने मी पहिल्यापासून तापट. लाडीगोडी लावत सांगणं मला जमणार नाही. गोड गोष्ट हवी असेल तर साखरेच्या डब्याला विचारा. ज्या घरात खायला भरपूर होतं, त्या घरात एक पोर अर्धपोटी कशी राहिली, ते मी पाहिलं आहे आणि तेच सांगणार आहे.

माझा जन्म जुन्नरला बदरुद्दीनच्या भट्टीवर झाला. तो विळे, खुरपी, कुदळी करायचा आणि बाजाराच्या आधी तवे ठोकायचा. जाड पत्रा कापून, लाल होईस्तोवर तापवून त्याने मला मधोमध जरासं खोलगट केलं. भाकरीचा तवा तसाच लागतो. ते साल त्र्याण्णवचं असावं. बाजाराच्या दिवशी प्रयागबाई आली. तिच्या मुलाचं, चांगदेवचं लग्न ठरलं होतं आणि सून यायच्या आधी तिला चुलीवरचं सगळं नवं करायचं होतं. तिने मला उचललं, बोटाने वाजवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग दुसरे चार तवे वाजवून पुन्हा माझ्याकडेच आली.

"टिकंल ना रं बाबा?"

"मावशी, तुमच्या नातसुना भाकरी भाजतील याच्यावर," बदरुद्दीन म्हणाला. "फकस्त रिकामा तापवत ठेवू नका."

घरी आल्यावर प्रयागबाईने मला राखेने घासलं, चुलीवर धरून कांदा चोळला, तेल पुसलं. काही दिवसांनी घोडेगावहून शशिकला या घरात लग्न करून आली. हसरी होती, आणि भाकरी थापताना तिच्या बांगड्या काठवटीवर वाजायच्या. पहिल्या दिवशी ती इतकी घाबरली होती की तिची भाकरी माझ्यावर येता येता फाटली. महिन्याभरात तिचा हात असा बसला की प्रत्येक भाकरी टम्म फुगायची. पावणे जेवता जेवता म्हणायचे, "लई झाक भाकरी झालीय, राव." मलाही बरं वाटायचं. पण ती भाकरी करणारी जेवली का, हे मात्र कधी कोणी विचारलं नाही.

आता आमच्या घरातली रीत ऐका. माझ्यावरून उतरणारी पहिली भाकरी गाईची. ती गोठ्यात जायची. मग चांगदेवची. मग शेतात कांद्याच्या लागणीला माणसं असली तर त्यांची, पावणे असले तर पावण्यांची, मग प्रयागबाईची. सगळं झालं की काठवटीत मूठभर पीठ उरायचं. त्याची जी इवलीशी भाकरी होते तिला चानकी म्हणतात. एरवी ती लहान पोरांना हौसेने करून देतात. आमच्याकडे पोरं नव्हती, म्हणून चानकी शशिकलेच्या वाट्याला यायची. कालवणाच्या पातेल्यात तोवर तळाचा रस्साच राहिलेला असायचा. गोठ्यातलं दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जायचं, घरात चहापुरतं उरायचं.

तिला कोणी उपाशी ठेवत नव्हतं, हेही सांगतो. कणगी भरलेली होती. आणखी पीठ घेऊन मळायला तिचा हात कोणी धरला नव्हता. पण तिच्या आईनेही घोडेगावला हेच केलं होतं, आणि शेवटी बसणाऱ्या बाईने स्वतःपुरतं पुन्हा पीठ मळायचं म्हणजे बायकांनाच ते खादाडपणाचं वाटायचं. ती चानकी खायची, वर तांब्याभर पाणी प्यायची आणि भांडी घासायला उठायची. मला राग यायचा. चुलीवर असताना रागावलेला तवा आणि तापलेला तवा कोणाला वेगळा ओळखू येत नाही.

पुढे दोन वर्षांनी शशिकलेला दिवस गेले. प्रयागबाईला इतका आनंद झाला की तिने गल्लीत गूळ वाटला. त्याच संध्याकाळी तिने सुनेला माझ्याजवळ, चुलीपुढे बसवलं.

"शशे, आजपून अर्धीच भाकरी खायची. वरनं कितीबी भूक लागू दे."

शशिकलेने दचकून वर पाहिलं.

"माझी भागू व्हती," प्रयागबाई म्हणाली. भागू म्हणजे तिची मोठी लेक. "पयल्या बाळंतपणाला म्हायेरी आली. म्या तिला तूप, लाडू, हाताला येईल त्ये चारलं. बाळ येवढं थोरलं झालं की आडलं. दोघंबी गेली. ह्या हातानं चारलं म्या तिला." तिने आपले हात सुनेपुढे धरले. "बाळ बारीक राह्यलं म्हंजी बाई सुखानं मोकळी व्हती. सुईण धोंडाबाईबी त्येच म्हणली. तुला न्हाई मी जाऊ देणार."

मित्रांनो, प्रयागबाई दुष्ट असती तर मला ही गोष्ट सांगणं सोपं गेलं असतं. तशी ती मुळीच नव्हती. सुनेला तिने जड घागर उचलू दिली नाही, उन्हात शेतावर पाठवलं नाही, तिला रात्रंदिवस जपलं. आणि रोज तिच्या ताटातली भाकरी अर्धी मोडून घेतली. शशिकलाही घाबरलेली होती. तिला जगायचं होतं, बाळ हवं होतं, आणि सासू सांगते तो जगण्याचा मार्ग आहे असं तिला वाटलं.

पाचव्या महिन्यात मला एक नवीच गोष्ट दिसली. घरात कोणी नसलं की शशिकला चुलीच्या कडेची भाजलेली माती नखाने खरवडायची आणि तोंडात टाकायची. एकदा शेजारणीने पाहिलं आणि सगळ्या बायका हसल्या. मातीचे डोहाळे लागले, मुलगा होणार म्हणाल्या. शशिकलाही हसली. तिचे ओठ तेव्हा पांढरे दिसत होते.

गावात फिरतीवर येणारी नर्सबाई आली. तिने शशिकलेची खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली.

"मावशी, हिच्या अंगात रक्तच नाही. आत लाल दिसायला पाहिजे, तिथे पांढरंफटक आहे. म्हणून ती माती खातेय. या लोखंडाच्या गोळ्या रोज द्या. मेथी, शेपू, हुलगे, मटकी, गूळ, जे घरात आहे ते पोटभर द्या. वर लिंबू पिळा. आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका, खाल्लेलं अंगी लागत नाही."

"व्हय, व्हय," प्रयागबाई म्हणाली. नर्सबाई गेल्यावर तिने गोळ्यांची पुडी उघडून वास घेतला. असल्या गोळ्यांनी बाळ पोटात वाढतं, असं धोंडाबाईने तिला सांगितलं होतं. तिने पुडी चुलीत टाकली. लाल गोळ्या माझ्या खाली जळताना मी पाहिल्या. मी स्वतः लोखंडाचा. माझ्या अंगातलं थोडंफार भाकरीला लागत असेल, तर तेही तिच्या पोटात जायला आधी भाकरी जायला हवी होती.

याच दिवसांत गोठ्यातली गाय गाभण होती. गुरांचे डॉक्टर येऊन चांगदेवला बजावून गेले की शेवटचे दोन महिने खुराक वाढवायचा, नाहीतर व्याल्यावर गाय बसेल आणि उठणार नाही. चांगदेव कष्टाळू, गुरांना जीव लावणारा. त्याने सरकी पेंड आणली, लसूणघासाचे वाफे राखून ठेवले, आणि शशिकलेला सांगितलं की गाईच्या भरड्यात रोज भाजलेली बाजरी घाल. ती बाजरी ती माझ्यावर भाजायची. आठव्या महिन्याचं पोट सांभाळत, एका हाताने उलथणं हलवत. एका दुपारी तिने सूप भरता भरता त्यातली मूठभर उचलली आणि भराभरा चावायला लागली. दुसरी मूठ भरली तेवढ्यात प्रयागबाई आत आली.

"आत्या, लई भूक लागती ओ," शशिकला म्हणाली.

प्रयागबाई तिच्यापुढे खाली बसली. तिने सुनेची मूठ धरली, बोटं एकेक करून उघडली आणि बाजरी सुपात परत सांडली. ते करताना ती स्वतः रडत होती.

"कळ काढ, बाय माझे. थोडंच दिस राह्यल्यात. एकदा मोकळी झालीस की तुला तुपात बुडवून काढीन."

शशिकलेने पदराने सासूचे डोळे पुसले. मग ते सूप उचलून ती गोठ्यात गेली.

गाय आधी व्याली. कालवड झाली, दणकट, तासाभरात उभी राहिली. गाईला गूळ घालून बाजरीचा घाटा दिला. तिच्या चिकाचा खरवस केला आणि वाटी-वाटी गल्लीत वाटला. पहिल्या चिकात ताकद असते, असं म्हणत चांगदेवने म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम दिला. शशिकलेला मात्र खरवस जड म्हणून नको सांगितला.

त्यानंतर चारेक दिवसांनी, पहाटे, तिला कळा सुरू झाल्या. धोंडाबाईला बोलावलं. चुलीवरून मला उतरवून पाण्याचं पातेलं ठेवलं, म्हणून मी भिंतीला टेकून सगळं ऐकत होतो. बाळंतपण सोपं झालं. मुलगी झाली, एवढीशी, हातात मावेल अशी. प्रयागबाईचा आवाज आनंदाने फाटला होता. "बघा, कसं अलगद झालं. म्या म्हणलं न्हवतं?" धोंडाबाईने रिवाजाप्रमाणे शशिकलेचं पहिलं दूध पिळून चुलीच्या राखेत टाकलं. ते पिवळट, घट्ट दूध बाळाला बाधतं म्हणे. गाईचा चीक खाऊन तृप्त झालेल्या घरात आईचा चीक राखेत गेला.

मग रक्त थांबेना. फार जात नव्हतं, असं पुढे नर्सबाईने सांगितलं. अंगात रक्त असलेली बाई तेवढं सोसून उठली असती. शशिकलेजवळ द्यायला काही नव्हतंच. चांगदेवने जीप आणली, गोधडीत गुंडाळून तिला मागे झोपवलं, आणि जीप नारायणगावच्या रस्त्याला लागली. दिवस मावळायच्या आत ती त्याच जीपने परत आली. तोंडावरून गोधडी ओढलेली होती.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी माझ्यावर काही भाजलं नाही. शेजाऱ्यांनी भाकरी आणली. तेराव्यानंतर नर्सबाई आली तेव्हा प्रयागबाईने तिला असं कसं झालं ते विचारलं, आणि तिने खरं ते सांगितलं. खाण्याने बाळ अडत नाही. भागूचं बाळ आडवं असेल, नाहीतर तिचा बांधा लहान असेल. तिला वेळेत दवाखान्यात नेलं असतं तर कदाचित ती वाचली असती. पोटभर खाल्ल्याने ती मेली नव्हती. आणि शशिकला मात्र न खाल्ल्याने गेली.

प्रयागबाई आपल्या हातांकडे बघत राहिली. बोलला तो चांगदेव. दाराच्या चौकटीला धरून तो उभा होता.

"गाईला रोज खुराक मी घातला. तिचं पोट बघायचो, डोळं बघायचो, कातडी बघायचो. घरात एकदाबी बघितलं न्हाई."

असं म्हणून तो शेतात निघून गेला. तो पुढेही कधी आईला टोचून बोलला नाही. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

बाळाला पाजायला कोणी नव्हतं. गल्लीच्या टोकाला शिंपीकाम करणाऱ्या घरातली जहाँआरा ओली बाळंतीण होती. ती आपण होऊन आली आणि आपल्या बाळाबरोबर, मोहसीनबरोबर, या पोरीलाही पाजायला लागली. प्रयागबाई रोज पहिली भाकरी, घट्ट वरण आणि पालेभाजी घेऊन तिच्या घरी जायची आणि समोर बसायची.

"खा गं. तुझ्या दुधावर माझी नात हाय."

हे तिला आता कळलं होतं. फार उशिरा कळलं. सहा महिन्यांनी नर्सबाईच्या सांगण्यावरून ती पोरीला मऊ भात, कुस्करलेलं वरण, शिजवलेला बटाटा भरवू लागली. मुलीचं नाव तेजस्विनी ठेवलं. ती मुळात अशक्त, वाऱ्याने आजारी पडणारी. तिला वाढवताना प्रयागबाईने जिवाचं रान केलं. डेअरीला दूध जायच्या आधी पोरीचा पेला भरायचा. माझ्यावरून उतरलेली गरम भाकरी आधी तिच्या ताटात. शाळेतून येताना तिने दुकानातल्या खाऊच्या रंगीत पुड्या आणल्या, तर म्हातारी त्या काढून घेऊन शेंगदाणे-गूळ हातावर ठेवायची. दहा-अकरा वर्षांची झाली तशी उंच व्हायला लागली, तेव्हा म्हणायची, आता हिला जास्त लागणार, हिला पुढं बाईमाणूस व्हायचंय.

पण मी जे दुसरं बघत होतो, ते कोणी बघत नव्हतं. काठवटीतलं शेवटचं पीठ आता प्रयागबाई स्वतःसाठी ठेवायची. दात पडले होते, भाकरी चावेना, तर चानकीचे दोन तुकडे चहात बुडवायची आणि उठायची. वरण पोरीला, दूध पोरीला. पाठ वाकली, दंड काडीसारखे झाले. नर्सबाईने एकदा हटकलं, "म्हातारपणीही हाडामांसाला दूध-डाळ लागते, मावशी. भाकरी वरणात कुस्करून खात जा." ती म्हणाली, "मला आता काय करायचंय खाऊन." स्वतःला शिक्षा द्यायची तिची ही पद्धत होती. मला तिचा राग आला आणि वाईटही वाटलं.

तेजस्विनी बारा वर्षांची असताना एका सकाळी, शाळेला सुट्टी होती, ती माझ्यासमोर जेवत बसली होती. तिने सहज विचारलं, "आजी, आई कशानं वारली? बापू नीट सांगत नाय."

घरात आजवर तिचा बापू, चांगदेव, धरून सगळे 'बाळंतपणात गेली' एवढंच सांगत आले होते. तेवढं सांगून प्रयागबाईलाही सुटता आलं असतं. तिने हातातली भाकरी माझ्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, आणि म्हणाली, "म्या तिला जेवू दिलं न्हाई."

मग तिने सगळं सांगितलं. भागू, अर्धी भाकरी, जळालेल्या गोळ्या, बाजरीची मूठ. काही गाळलं नाही. माझ्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी तिचं लक्ष नव्हतं.

पोरीने ताट पुढे सरकवलं आणि उठून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. रात्रीही नाही. प्रयागबाई दाराशी बसून म्हणत राहिली, "माझ्यावर राग काढ, बाय, अन्नावर नको काढू. येवढं एक ऐक." म्हातारीच्या चेहऱ्यावर अशी भीती मी जीप आली त्या दिवशीच पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर चुलीपाशी आली. डोळे सुजलेले होते. तिने दोन ताटं घेतली. दोन्हींत सारखं वरण वाढलं, भाकरी कुस्करली, एकात दुधाची वाटीही ठेवली, आणि ते ताट आजीपुढे ठेवलं.

"बस."

"मी मागून..."

"मागून नाय. आईबी मागूनच बसायची ना? तू खाल्लंस तर मी खाईन."

प्रयागबाई बसली. घास तोंडापर्यंत जाईना. पोर तिच्याकडे न बघता जेवत होती आणि मधेच थांबून तिचा घास जाईपर्यंत वाट बघत होती. तिने आजीला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं ती कधी बोलली नाही. पण त्या दिवसापासून त्या घरात कोणी मागे राहून जेवलं नाही. चांगदेवही डेअरीवरून आल्यावर त्यांच्यातच बसू लागला.

प्रयागबाईला मात्र ते फार दिवस लाभलं नाही. इतक्या वर्षांच्या अर्धपोटी अंगात काही उरलं नव्हतं. साधा खोकला झाला आणि त्या हिवाळ्यातच ती गेली. पुढे घरात गॅस आला, चकचकीत पातळ तवा आला, आणि माझी रवानगी खुराड्यावर झाली. त्याचं मला फारसं दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही खायला भरपूर असेल. आईला दिवस गेले असतील, बहीण वयात येत असेल, आजीचे दात पडले असतील. त्या प्रत्येकीच्या अंगाला वेगळं काहीतरी लागतं, आणि ते स्वयंपाकघरातच असतं. म्हणून आज जेवायला बसाल तेव्हा एवढंच करा. घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं ते बघा, आणि तिच्या ताटात काय उरतं तेही बघा. मी ते रोज बघत होतो, पण मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं.